नावाला मानांकन, झाडाला कुऱ्हाड

स्कॉच व्हिस्कीला वकील आहेत, बदलापूरच्या जांभळाला नाहीत. गावच्या मालाचं नाव परदेशी व्यापार करारांत कसं टिकतं आणि कसं मार खातं, ते बघायचं तर इथून सुरुवात करायला हवी.

२४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटनच्या व्यापार करारावर सह्या झाल्या. आपल्याकडं दोन दिवस गाजलं ते व्हिस्कीवरचं आयात शुल्क. आधी दीडशे टक्के होतं, ते पंचाहत्तरवर येणार आणि पुढच्या दहा वर्षांत चाळीसवर. बाटली किती रुपयांनी उतरेल याची गणितं लोकांनी तोंडपाठ केली. स्कॉचवाल्यांनी हे पदरात कसं पाडून घेतलं, त्यामागं किती वर्षांची नाव राखायची मेहनत आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही.

विचारायला हवं होतं. आपल्याकडं ‘पीटर स्कॉट’ नावाची देशी व्हिस्की १९६८ पासून निघते. नावात ‘स्कॉट’ आल्यामुळं गिऱ्हाईक फसतं, अशी स्कॉच व्हिस्की असोसिएशनची तक्रार. हे भांडण आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे २००८ मध्ये असोसिएशन हरली. एक मोठं कारण उशीर. १९७४ मध्येच या नावाची खबर लागलेली असताना अर्ज केला १९८६ मध्ये. एवढी वर्षं गप्प बसलात, मग आता कसली तक्रार, असा एकूण सूर. जगातली सगळ्यात जागरूक म्हणावी अशी ही संस्था, तिलाही बारा वर्षांचा उशीर भोवला. त्यातून ती शिकली. पुढं तिनं भारतातच स्कॉचला भौगोलिक मानांकन मिळवलं आणि आता कुठल्याही गावात कुठल्याही बाटलीवर संशयास्पद शब्द दिसला की तिची नोटीस जाते.

आता आमच्याकडं या. बदलापूरच्या जांभळालाही भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हापूस, कोल्हापुरी चप्पल, पैठणी, नागपूरची संत्री, घोलवडचा चिकू, अलिबागचा पांढरा कांदा यांच्या पंगतीत आमचं जांभूळ बसलं. मला याचा मनापासून अभिमान आहे. बदलापूरच्या कात्रपमध्ये राहणाऱ्या माणसाला अभिमान वाटावा अशा गोष्टी फार नसतात. सकाळची लोकल, उन्हाळ्यातलं पाणी आणि पावसाळ्यातली उल्हास नदी याच आमच्या बातम्या. त्यात हे एक गोड नाव सरकारी नोंदवहीत चढलं.

पण त्या नावाची नोटीस कोण काढणार? मुंबईच्या फुटपाथवर गुजरात आणि कर्नाटकातून आलेलं जांभूळ ‘बदलापूरचं’ म्हणून विकलं जातं, तेव्हा कुणाचा वकील उभा राहतो?

थोडं जांभळाजवळ जाऊ या, कारण कराराची सगळी कलमं शेवटी याच फळापाशी येऊन थांबतात. हे फळ खाली पडलं की संपलं. साल पातळ, गर मऊ, जमिनीवर आपटलं की फुटतं आणि माती धरतं. म्हणून ते हातानं उतरवावं लागतं. झाड उंच वाढतं आणि फांदी ठिसूळ. आंब्याच्या फांदीवर माणूस विश्वासानं पाय ठेवतो तसा जांभळीवर ठेवता येत नाही. कडकन आवाज येतो तेव्हा सावरायला वेळ नसतो. म्हणून जाणती माणसं झाडाभोवती बांबूची परांची बांधतात, कमरेला टोपली अडकवतात, भरली की दोरीनं खाली सोडतात. खाली बाया बसून निवडतात. टपोरं वेगळं, बारकं वेगळं, तडकलेलं वेगळं. हा सगळा खेळ मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या मोठ्या पावसापर्यंत. पावसाचा तडाखा बसला की फळ तडकतं आणि हंगाम आटोपतो. उतरवलेलं जांभूळ धड दोन दिवस टिकत नाही. एवढ्या थोड्या दिवसांत वर्षाची कमाई करायची.

हंगामात स्टेशनच्या पूर्वेला पाट्या घेऊन बायका बसतात. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या ठाकूर-कातकरी बायका जास्त. पाटीत खाली हिरवी पानं, वर जांभळं, पानाच्या द्रोणात वाटा. लोकलमधून उतरलेला माणूस विचारतो, “मावशी, बदलापूरचंच ना?” मावशी म्हणते, “मग कुठलं? सकाळी उतरवलंय, खाऊन बघ.” तिच्याकडं प्रमाणपत्र नाही, बोधचिन्ह नाही. मानांकनाचा सगळा पुरावा म्हणजे तिचा शब्द आणि गिऱ्हाइकाची जीभ.

आता कायदा बघा. भारताचा भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, लागू झाला १५ सप्टेंबर २००३ पासून, नोंदणी कार्यालय चेन्नईत. त्या कार्यालयाच्या नोंदवहीचे दोन भाग. ‘अ’ भागात नाव आणि ते मागणारी संस्था. ‘ब’ भागात अधिकृत वापरकर्ते, म्हणजे ते नाव लावून माल विकायचा ज्यांना हक्क आहे ती माणसं. मानांकनाची बातमी छापून येते ती ‘अ’ भागाची. सत्कार, पेढे, फोटो, फ्लेक्स, सगळं ‘अ’ भागाचं. ‘ब’ भागाची बातमी कुणी छापत नाही, कारण तिथं नावं घालायला पाड्यावर जावं लागतं, सातबारा नसलेल्या बाईला समजावून सांगावं लागतं, अर्ज भरून द्यावा लागतो.

आणि या अर्जाची फी किती? २०२० मध्ये नियम बदलले आणि पाचशे रुपयांची फी दहा रुपये केली. जांभळाचा वाटासुद्धा दहा रुपयांत येत नाही. म्हणजे पैशांची अडचण उरलेली नाही. उरलेली आहे ती फक्त आच. ती जिल्ह्याच्या कृषी खात्याला हवी, नगरपरिषदेला हवी, मानांकन मागणाऱ्यांना हवी आणि आम्हा बदलापूरकरांनाही हवी.

‘ब’ भाग म्हणजे नुसता कागद, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं कोल्हापुरी चपलेकडं बघावं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं हुबेहूब कोल्हापुरी घातलेले पुरुष चालवले आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. महाराष्ट्र खवळला, ते बरोबरच होतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळालेलं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात, नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली आणि जुलैत ती फेटाळली गेली. न्यायालयाचा प्रश्न सरळ होता: तुम्ही कोण? ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्यानं यावं. संताप कितीही खरा असो, दरवाजा उघडतो तो नोंदवहीतल्या नावालाच.

पुढं प्राडाची माणसं कोल्हापुरात आली, डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही महामंडळांशी करार झाला, इथं दोन हजार जोड बनवून सुमारे आठशे युरोला एक जोड विकायचं जाहीर झालं. चांगलं झालं. पण हे मिळालं ते समाजमाध्यमांवरच्या गदारोळामुळं आणि कंपनीला बदनामी नको होती म्हणून. आपलं मानांकन इटलीत नोंदलेलं असतं, युरोपशी करारात कोल्हापुरीचं नाव असतं, तर विनंती करायची वेळच आली नसती. मानांकनाचा कायदा देशाच्या सीमेवर थांबतो. सीमेपलीकडं नाव न्यायचं तर तिथं नोंद करा, नाहीतर दोन देशांच्या करारात नाव घाला. तिसरी वाट नाही.

ही वाट युरोपनं शंभर वर्षांपूर्वी ओळखली. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ च्या व्हर्सायच्या तहात फ्रान्सनं जर्मनीकडून जमीन घेतली, नुकसानभरपाई घेतली आणि त्याच तहात दारूच्या प्रादेशिक नावांचा मान राखायचं कलमही घालून घेतलं. लाखो माणसं मेलेली, गावं बेचिराख झालेली, आणि तरी शॅम्पेनच्या नावाची आठवण ठेवणारा कुणीतरी टेबलावर होता. अमेरिकेनं तो तह मंजूर केला नाही. तिथं ‘कॅलिफोर्निया शॅम्पेन’ पुढं दशकानुदशकं विकली गेली. सही झाली की नाही, एवढ्यावर एका नावाचं पुढचं शतक ठरलं.

जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारातही हाच डाव दिसतो. १ जानेवारी १९९५ पासून लागू झालेल्या या करारात, ज्याला ट्रिप्स म्हणतात, बाविसावं कलम सगळ्या मालाला लागू आहे: ग्राहकाची दिशाभूल होईल असं नाव वापरू नका. तेविसावं कलम फक्त वाइन आणि मद्याला. तिथं दिशाभूल होवो न होवो, नाव वापरायचंच नाही. ‘शॅम्पेनसारखी’, ‘शॅम्पेन पद्धतीची’ असं लिहायलाही मनाई. एकाच करारात दारूला पक्की भिंत आणि फळाला तारेचं कुंपण. भारतानं आणि इतर काही देशांनी, हे वरचं संरक्षण सगळ्या मालाला द्या, असा आग्रह जागतिक व्यापार संघटनेत धरला. दोहाच्या व्यापार वाटाघाटींपासून हा विषय लोंबकळत पडला आहे. तो तडीला गेला नाही, याचा मला राग आहे, आणि तो राग आपल्या सरकारांवर जितका आहे तितकाच आपल्या फळबागायतदारांच्या संघटनांवरही. कांद्याच्या निर्यातबंदीवर रस्ता अडवणारे आपण, नावाच्या या दुजाभावावर एक मोर्चा काढला नाही.

या फरकानं काय होतं, ते वाशीच्या बाजारात दिसतं. ऐन थंडीत, नोव्हेंबर-डिसेंबरला, तिथं आफ्रिकेतल्या मलावी देशातला आंबा उतरतो. कोकणातून नेलेल्या कलमांची ती झाडं. पेटीवर आणि लोकांच्या तोंडी नाव ‘मलावी हापूस’. आता बाविसाव्या कलमाची कसोटी लावा: दिशाभूल होते का? विकणारा म्हणेल, मी मलावी म्हणून स्पष्ट सांगतोय, कुठली दिशाभूल? पण हापूसला शॅम्पेनचं संरक्षण असतं तर ‘मलावी’ लिहूनही हापूस म्हणता आलं नसतं. हापूसच्या मानांकनात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे आहेत, २०१८ पासून. मलावी त्यात बसत नाही.

आणि यावर उपाय दिल्लीत, आपल्याच कायद्यात आहे. भौगोलिक मानांकन कायद्याच्या बाविसाव्या कलमात केंद्र सरकारला अधिकार आहे, की राजपत्रात अधिसूचना काढून ठरावीक मालाला जादा संरक्षण द्यावं. मग ‘सारखा’, ‘पद्धतीचा’ असल्या शेपट्या लावूनही ते नाव कुणाला वापरता येत नाही. हापूसला ते द्या. कोल्हापुरीला द्या. जांभळाला द्या. जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत, जे मागताय ते आधी घरी देऊन दाखवा. घरी ज्याला आपण पक्कं संरक्षण देत नाही, त्यासाठी परक्याच्या दारात कोणत्या तोंडानं भांडायचं?

घरातली भांडणंही सांगतो. गुजरातमधल्या वलसाडकडून ‘वलसाड हापूस’साठी अर्ज गेला आणि कोकणातले बागायतदार हरकत घेऊन उभे राहिले. वलसाडच्या शेतकऱ्याचा आंबा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. त्यानं स्वतःच्या नावानं विकावा. हापूस हा शब्द कोकणाचा राहू द्यावा. बासमतीचं काय झालं, ते समोर आहे. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या राइसटेक कंपनीनं बासमतीच्या वाणांवर पेटंट मिळवलं, तेव्हा सगळा देश पेटून उठला आणि त्यातले बरेच दावे काढून टाकावे लागले. मग घरी काय केलं? बासमतीला मानांकन मिळालं ते २०१६ मध्ये. युरोपकडं अर्ज गेला २०१८ मध्ये. तोवर पाकिस्तान जागा झाला. त्याच्याकडं मानांकनाचा कायदासुद्धा नव्हता, तो त्यानं २०२० मध्ये केला आणि युरोपात आपल्या अर्जावर हरकत घेतली. इकडं मध्य प्रदेश आमचाही तांदूळ बासमती म्हणून कोर्टात गेला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं भारताचा अर्ज फेटाळला, कारण बासमती भारताबाहेरही पिकतो. बघा, किती वर्षांचा उशीर आणि किती तोंडं.

दार्जिलिंगच्या चहानं मात्र दाखवून दिलं. भारतातलं ते पहिलं मानांकन, २००४ चं. टी बोर्डानं जगभर वकील नेमले, देशोदेशी नोंदी केल्या, खटले लढवले आणि २०११ मध्ये युरोपीय संघात दार्जिलिंग नोंदला गेला. २०२३ मध्ये कांगडा चहा गेला. दोन्हींमागं भक्कम सरकारी मंडळ. जांभळाला मंडळ नाही, हापूसला नाही, भिवापूरच्या मिरचीला नाही. विद्यापीठ, ट्रस्ट, शेतकऱ्यांची संस्था, यांनी पदरमोड करून अर्ज केले आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावलं. पुढं दरवर्षीची राखण कोण करणार, त्याचा खर्च कुणी करायचा, याचं उत्तर कुणाकडं नाही.

चीनकडं आहे. युरोपीय संघ आणि चीन यांचा फक्त मानांकनांचा वेगळा करार १ मार्च २०२१ ला लागू झाला. युरोपची शंभर नावं चीननं राखायची, चीनची शंभर युरोपनं. त्यात पिशियानची मिरचीची चटणी आहे, आन्चीचा चहा आहे, पान्चिनचा तांदूळ आहे. कॅनडानं युरोपशी केलेल्या करारात युरोपची शंभरावर नावं मान्य केली. तरी तिथं आधीपासून फेटा चीज बनवणाऱ्यांना सवलत मिळाली, कारण कॅनडाचे चीजवाले वाटाघाटी चालू असताना ओरडत होते. वाटाघाटी संपल्यावर ओरडून काही मिळत नाही.

आपली युरोपशी बोलणी जून २०२२ मध्ये नव्यानं सुरू झाली तेव्हा तीन वेगळे करार ठरले: मुक्त व्यापाराचा, गुंतवणूक संरक्षणाचा आणि तिसरा भौगोलिक मानांकनांचा. हा तिसरा आपल्या कामाचा. युरोपवाले त्यात रोकफोर, पार्मेझान, शॅम्पेन, कोन्याकची यादी घेऊन येणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. आपल्या यादीत महाराष्ट्राची कुठली नावं आहेत? हा प्रश्न विधानसभेत विचारला जावा, लोकसभेत विचारला जावा. कोल्हापुरी चप्पल, हापूस, पैठणी, सोलापुरी चादर, सांगलीची हळद आणि बेदाणा, नाशिकची द्राक्षं, वेंगुर्ल्याचा काजू, ही नावं युरोपात आजही विकली जातात किंवा विकली जाऊ शकतात. ती पहिल्या यादीत हवीत. नुसतं ‘भारताची मानांकनं’ म्हणून चालणार नाही. यादीत गावाचं नाव अक्षरशः छापलेलं हवं.

मग कुणी विचारेल, दोन दिवस न टिकणाऱ्या जांभळाचं युरोपात काय काम? आहे. जांभळाचा गर, रस, सरबत, बियांची पूड. मधुमेह असलेली माणसं जगात सगळीकडं आहेत आणि जांभळाच्या बियांची पूड विकणारेही. उद्या लंडनच्या दुकानात ‘बदलापूर जांभूळ’ असं छापलेली बाटली असेल आणि आत भलत्याच मुलखातला गर असेल. फळ टिकत नाही म्हणूनच प्रक्रिया केलेल्या मालात फसवणूक सोपी जाते. बाटलीतल्या गराला चेहरा नसतो. हापूसचंही तसंच आहे. अख्खा आंबा जाणकार वासावर ओळखतो, डब्यातला आमरस ओळखून दाखवा.

आणि नाव राखलं तरी दार उघडं असेलच असं नाही, हेही सांगायला हवं. मे २०१४ पासून युरोपीय संघानं फळमाशीमुळं आपल्या आंब्यावर बंदी घातली होती, ती उठली २०१५ मध्ये, आपण तपासणी सुधारल्यावर. नाव हापूस होतं म्हणून माशी कुणी माफ केली नाही. करारात नावाबरोबर तपासणीची सोय, पॅक हाऊस, प्रयोगशाळा यांचाही पैसा बांधलेला हवा.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. ट्रिप्समध्ये चोविसाव्या कलमाचा नववा उपभाग आहे. तो फारसा कुणी वाचत नाही. त्यात म्हटलं आहे, की ज्या नावाला मूळ देशातच संरक्षण नाही, किंवा होतं ते संपलं, किंवा जे नाव मूळ देशातच वापरातून गेलं, ते राखायचं बंधन दुसऱ्या देशावर नाही. वापरातून गेलं. हे शब्द वाचताना माझ्या डोळ्यापुढं कात्रपचा रस्ता येतो.

२००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती. २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतर किती इमारती झाल्या ते कुठल्याही गच्चीवरून दिसतं. मी या वाढीविरुद्ध नाही. मुंबईत घर परवडेना म्हणून लोक इथं आले, मीही त्यांतलाच. घर ही गरज आहे. पण कात्रप, मांजर्ली, बेलवली, शिरगाव इथल्या बांधांवर जांभळी उभ्या होत्या त्या प्लॉटच्या मधोमध आल्या आणि गेल्या. संकुलाच्या जाहिरातीत हिरवाई असते, ती शोभेच्या पामची. जांभळीची मुळं पार्किंगमध्ये येतात, फळं गाडीवर पडून डाग पाडतात, म्हणून तिला जागा नाही. जांभळीला भरघोस फळ धरायला वर्षं लागतात. आज तोडलेली जांभळी उद्या लावलेल्या रोपानं भरून निघत नाही.

झाडं संपली तर बदलापूरचं जांभूळ हे नाव वापरातून जाईल. मग दहा वर्षांनी मानांकनाचं नूतनीकरण करून काय करणार? मानांकन दहा वर्षांचंच असतं, पुन्हा फी भरून वाढवावं लागतं. चेन्नईच्या नोंदवहीत नाव राहील, करारातही राहील, आणि पाटीत वाशीहून आणलेला माल असेल. त्या दिवशी खोटं नाव लावणारे आपणच असू.

आमच्या शेजारच्या उल्हासनगरकडं बघा म्हणजे नावाची किंमत कळते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. हात रिकामे, पण कष्ट अफाट. घराघरांत मशिनं लागली. काय वाटेल ते बनवून दाखवणारं गाव. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मुंबईभर फिरला आणि अजून फिरतो. मला त्यात हसू येत नाही. मला तिथला कारागीर दिसतो, ज्याच्या हातची शिलाई कुठल्याही परदेशी जीन्सच्या तोडीची, पण लेबल दुसऱ्याचं. स्वतःचं नाव उभं करायला ना भांडवल मिळालं, ना सरकारी हात. एका बाजूला हात आहे आणि नाव नाही, दुसऱ्या बाजूला बदलापुरात नाव मिळालं आणि झाड जातंय, अशी आमच्या या पट्ट्याची दशा. दोन्हींचं दुखणं एकच: माल बनवणाऱ्या आणि पिकवणाऱ्या माणसाला हिशेबात न धरणं.

झाड वाचवायचा कायदा आहे. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा २०२१ मध्ये बदलला आणि पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून वेगळा दर्जा दिला गेला. बांधावरच्या कित्येक जांभळी त्यात सहज बसतात. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेनं प्रत्येक जांभळीची नोंद करावी: जागा, वय, घेर, मालक. ही नोंद बांधकाम परवान्याच्या नकाशाशी जोडावी, म्हणजे जांभळी ‘चुकून’ तुटली असं कुणाला म्हणता येणार नाही. ज्याच्या बांधावर झाड आहे त्याला ते ठेवल्याबद्दल मालमत्ता करात सूट द्यावी. त्याच्या जमिनीचा भाव चौरस फुटांत बोलला जात असताना नुसत्या अभिमानावर तो झाड का राखेल? आणि नव्या संकुलांच्या मोकळ्या जागेत निदान काही जांभळी लावायची अट घालावी, गावच्याच झाडाच्या कलमाची.

मालकापलीकडं उतरवणारा आणि विकणारी आहे. परांचीवर चढणाऱ्याचा विमा उतरवा. विकणाऱ्या बायकांना स्टेशनजवळ सावलीत हक्काची जागा द्या; हंगामभर त्यांना इकडून तिकडं उठवत बसू नका. शीतपेटी आणि गर काढायचं एक छोटं यंत्र त्यांच्या बचत गटाला द्या, म्हणजे तडकलेलं जांभूळ संध्याकाळी फेकावं लागणार नाही. बाटलीवर गावाचं नाव छापायचा हक्क पहिला त्यांचा.

मेच्या अखेरीस पाट्या पुन्हा लागतील. त्याआधी कृषी खात्यानं एक टेबल, एक पंखा आणि अर्ज भरून देणारा एक समजूतदार माणूस स्टेशनच्या पूर्वेला बसवावा. अर्जाचा नमुना ठरलेला आहे, फी दहा रुपये आहे, ती नगरपरिषदेनं भरावी. ‘ब’ भागात पाड्यावरच्या बायकांची नावं हंगाम संपायच्या आत चेन्नईला गेली पाहिजेत. ती यादी घेऊन आमच्या खासदारांनी दिल्लीत वाणिज्य मंत्रालयात जावं आणि युरोपच्या करारातल्या महाराष्ट्राच्या नावांची यादी मागून आणावी, छापील, आम्हाला वाचता येईल अशी.